घरात एकाला टीबी निघाला, बाकीच्यांनी काय करायचं?

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासरे दिवाळीपासून खोकत होते. मागच्या आठवड्यात बेडक्याच्या तपासणीत फुफ्फुसाचा टीबी निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. आशाताई म्हणतात, घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या. घरात सहा माणसं: सासरे, सासूबाई (त्यांना शुगर आहे), नवरा, त्या स्वतः, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. दीर दिवाळीनंतर सुरतला कामाला गेला. नणंद बाळंतपणाला आली होती, ती महिन्यापूर्वी बाळ घेऊन अमळनेरला सासरी गेली. बाळ आता चार महिन्यांचं आहे. नवऱ्याचं म्हणणं, "कोनले खोकला नही, ताप नही, मंग एक्स-रे काबर काढाना?" आणि भाऊबंदांचा आग्रह, की म्हाताऱ्याला शेतातल्या खोलीत ठेवा, ताट-तांब्या वेगळा करा.

ताई, आधी यादीबद्दल बोलतो. खानदेशात इतकी वर्षं टीबीचे रुग्ण आणि त्यांची घरं पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की घरच्यांची तपासणी फसते ती मशीनपाशी नाही, यादीपाशी फसते. तुम्ही सहा जण लिहिलेत. माझ्या हिशेबाने तुमच्या घरात तपासायची माणसं आठ आहेत, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं माणूस तुमच्या सहांत नाही.

घरातला संपर्क कोणाला म्हणायचं याची व्याख्या ठरलेली आहे. उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत जो रुग्णाच्या घरात, त्याच बंद जागेत, एक रात्र जरी झोपला किंवा दिवसा वारंवार, बराच वेळ राहिला, तो संपर्क. रेशन कार्डावर नाव आहे की नाही, आज तो घरात आहे की नाही, याचा इथे संबंध नाही. दीर सुरतला जाण्याआधी सासरे खोकू लागले होते, म्हणून तो यादीत. नणंद महिन्यापूर्वीपर्यंत त्याच घरात होती, म्हणून ती यादीत आणि तिचं बाळही. बाळ तर जन्मल्यापासून तीन महिने त्याच हवेत श्वास घेत होतं. तुमच्याकडे सालदार असेल आणि तो ओसरीवर नाही, आत झोपत असेल, तर तोही. शेजारची पोरं रोज संध्याकाळी आजोबांपाशी टीव्ही बघायला बसत असतील तर तीही सांगा. आशाताईंना यादी देताना "सध्या कोण राहतं" हा प्रश्न बाजूला ठेवा. नवरात्रापासून आजपर्यंत रात्री आत कोण-कोण झोपलं, हे सासूबाईंबरोबर बसून आठवा. म्हाताऱ्या बायांना हे पक्कं माहीत असतं. पुरुषमाणसं निम्मी नावं विसरतात.

आपल्याकडे हा प्रश्न हिवाळ्यात जास्त बिकट होतो. उन्हाळ्यात अर्धं घर धाब्यावर नाहीतर अंगणात झोपतं, हवा मोकळी असते. दिवाळीनंतर मात्र कापूस वेचून घरात भरलेला असतो, भाव येईपर्यंत तो हलत नाही. एक खोली कापसाने भरली की सगळं कुटुंब दुसऱ्या खोलीत, थंडीमुळे खिडकी-दार लावून. टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. त्यातच कापसाच्या धुळीने सगळेच थोडंफार खोकत असतात, नंदुरबार-दोंडाईचाकडे मिरचीने खोकतात, त्यामुळे आजोबांच्या खोकल्याकडे दोन-तीन महिने कोणाचं लक्ष जात नाही. तुमच्याकडेही साधारण हेच झालेलं दिसतं. दोष कोणाचा नाही, पण तेवढे दिवस हवा सगळ्यांनी वाटून घेतली आहे, हे धरून चाला.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. कोणाला खोकला नाही, मग एक्स-रे कशाला?

जंतू शरीरात शिरणं आणि टीबीचा आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांच्या शरीरात जंतू शिरले तरी प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. माणूस ठणठणीत असतो, दुसऱ्याला लागण करत नाही. कापसाच्या गंजीत आत दबलेली ठिणगी जशी कित्येक दिवस धूरही न दाखवता राहते, तसं ते असतं. जंतू शिरलेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो आणि त्यातले बरेचसे पहिल्या दोन वर्षांतच. लहान मुलं, शुगरचे रुग्ण, एचआयव्ही असलेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, फार बारीक असलेले, यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अभ्यासांत रुग्णाच्या घरची माणसं तपासली तर शंभरात साधारण तिघांना त्याच वेळी आजार सापडतो, आणि निम्म्यांच्या आसपास लोकांत दबलेले जंतू असतात.

या तिघांपैकी सगळेच खोकत नसतात, आणि एक्स-रेचं काम नेमकं इथे आहे. 2019 ते 2021 या काळात देशभर टीबीची मोठी पाहणी झाली. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के रुग्ण, छातीचा एक्स-रे काढला नसता आणि फक्त लक्षणं विचारली असती, तर हातातून सुटले असते. म्हणजे दहातले चार. खोकला नाही हे उत्तर पुरेसं का नाही, ते या एका आकड्यात आहे. यजमानांना हे सांगा. शेतकरी माणूस आहे. पिकावर रोग दिसायच्या आधी बुंधा तपासावा लागतो, हे त्यांना मी सांगायची गरज नाही.

तपासणीचा क्रम साधा आहे. आधी चार गोष्टी विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एरवी खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर संशय घेतात, पण रुग्णाच्या घरात खोकला कितीही दिवसांचा असो, तो मोजायचा. मुलांमध्ये वजन न वाढणं, खेळ कमी होणं, सुस्त पडून राहणं हेही विचारात घ्या. मग एक्स-रे. लक्षण असेल किंवा एक्स-रेत काही दिसलं, तर बेडक्याची तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर. त्यात जंतू आहेत का हे कळतंच, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांना लागू पडतं की नाही, हेही कळतं. बेडका द्यायचा म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला. निम्म्या डब्या नुसत्या लाळेच्या येतात आणि मग "रिपोर्ट निगेटिव्ह" म्हणून घरी समाधान होतं. बेडका देताना उघड्यावर उभं राहा, बाकीच्यांपासून लांब. लहान लेकरांना बेडका काढता येत नाही. गरज पडली तर त्यांच्या पोटातला द्राव किंवा शौच तपासतात. ते काम उपजिल्हा रुग्णालयात किंवा जळगावला होईल.

आजार नाही असं ठरलं की पुढचा प्रश्न: दबलेले जंतू आहेत का? त्यासाठी हातावर टोचून करायची चाचणी असते. जुनी मोन्टू; नवी सीवाय-टीबी, जी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि बीसीजीच्या लसीमुळे फसत नाही. रक्तावर करायची इग्राही आहे. टोचलेल्या चाचणीचा निकाल 48 ते 72 तासांत बघावा लागतो आणि आपल्याकडे गाडी इथेच अडते. शुक्रवारी टोचलं तर निकाल रविवारी, त्या दिवशी केंद्रात कोणी नाही. सोमवारी मजुरी सोडून कोण येणार? म्हणून टोचायला सोमवारी-मंगळवारी जा आणि दोन दिवसांनी तुमच्या गावचा बाजार किंवा सण नाही ना, ते आधी बघा. ही चाचणी करणं शक्य झालं नाही म्हणून पुढे आजार होऊ नये यासाठीच्या गोळ्या अडवून ठेवायच्या नाहीत, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना तर या चाचणीची अटच नाही. आजार नाही एवढं ठरलं की गोळ्या.

आता एकेक माणूस घेऊ.

नणंदेचं बाळ. सहा जणांत तुम्ही ज्याला धरलं नाही ते महत्त्वाचं माणूस म्हणजे हे बाळ. आज रात्रीच तिला फोन करा. वर्षाखालच्या बाळात जंतू शिरले तर आजार होण्याचं प्रमाण मोठ्यांच्या कितीतरी पट असतं, आणि तो नुसता छातीत राहत नाही. मेंदूच्या आवरणाचा टीबी होतो, तो मुलाला कायमचं अपंग करतो किंवा जिवावर बेततो. बीसीजी दिलं आहे ना, असं सगळे विचारतात. बीसीजीने अशा गंभीर आजाराचा धोका कमी होतो, संपत नाही. बाळाला अमळनेरच्या सरकारी रुग्णालयात दाखवायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं: "आजोबांना फुफ्फुसाचा टीबी आहे, बाळ तीन महिने त्यांच्या घरात होतं." हे वाक्य सांगितलं नाही तर सर्दी-पडशाचं औषध घेऊन ती घरी येईल. बाळ दूध नीट पीत असेल, वजन वाढत असेल, आजार नसेल, तर त्याला आयसोनियाझिड वजनाप्रमाणे रोज, सहा महिने. बाळ दूध ओढत नाही, सारखं झोपून आहे, उलट्या आहेत, ताप आहे, असं काही असेल तर उद्याची वाट न बघता घेऊन जायचं. अंगावरचं दूध तोडायचं कारण नाही. नणंदेची स्वतःची तपासणी त्याच वेळी होऊ द्या.

तीन वर्षांचा मुलगा. तो आजोबांजवळ झोपत असेल, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे लहान पोरं बहुधा आजीआजोबांच्याच अंथरुणात झोपतात. त्याचं वजन करा आणि अंगणवाडीच्या कार्डावरचं आधीचं वजन सोबत न्या. मागच्या तीन-चार महिन्यांत काटा हलला नसेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा. मुलीचंही तसंच, फक्त तिची टोचून चाचणी होईल.

सासूबाई. शुगरमुळे टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि शुगरच्या माणसात लक्षणं कधी फार पुसट असतात. त्यांचा एक्स-रे टाळू नका. तुम्ही, यजमान आणि दीर हे सर्वसाधारण धोक्याचे. यजमानांना तंबाखू-बिडी किंवा दारू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका; गोळ्या ठरवताना ते लागतं.

गोळ्या कोणत्या, तर दोन पद्धती आहेत. आयसोनियाझिड रोज एक वेळ, सहा महिने. किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन एकत्र, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. दुसरी पद्धत दोन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत. दिवस गेल्याची शंका असेल तर तपासणीआधीच सांगा. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, कारण रिफापेंटिनमुळे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. एचआयव्हीची किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर ते आधी. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्यांवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांची साखर अधूनमधून तपासत राहा.

पूर्वी ही प्रतिबंधक औषधं पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्ही असलेल्यांपुरतीच होती. 2021 च्या राष्ट्रीय सूचनांपासून फुफ्फुसाचा टीबी सिद्ध झालेल्या रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांना ती मिळतात, मोफत. त्यामुळे "आमच्या काकाला टीबी झाला तेव्हा आम्हाला कोणी काही दिलं नव्हतं" असं कोणी म्हणालं तर ते खरंही असेल. आता नियम बदलला आहे.

"आमले काहीच नही व्हयेल, मंग गोया काबर खावान्या?" हे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, आणि मला तो प्रश्न योग्य वाटतो. धडधाकट माणसाला औषध द्यायचं तर त्याला कारण कळलंच पाहिजे. कारण असं, की या गोळ्या नीट पूर्ण केल्या तर पुढे आजार होण्याची शक्यता 60 ते 90 टक्क्यांनी घटते. आज बारा आठवडे आठवड्याला एकदा गोळ्या, नाहीतर उद्या कदाचित सहा महिने रोज तीन-चार औषधांचा उपचार, मजुरी बुडणं, आणि तोवर पुढच्या लेकरांना लागण. दुसरी भीती असते, की टीबी नसताना औषध खाल्लं तर नंतर ते लागू पडणार नाही. आजार असताना ही अर्धी औषधं दिली तर हे होऊ शकतं. म्हणून तर आधी आजार नाही याची खात्री करतात. जो कोणी एक्स-रे, तपासणी काही न करता तुमच्या हातात नुसती पाकिटं देईल, त्याच्याकडून ती घेऊ नका.

त्रास काय होऊ शकतो? रिफापेंटिनने लघवी, घाम, डोळ्यांचं पाणी केशरी-लाल होतं. ते रक्त नाही, घाबरू नका. हे आधी सांगितलेलं नसलं की दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या उकिरड्यावर जातात. काहींना गोळी घेतलेल्या दिवशी अंग दुखतं, कणकण येते. आयसोनियाझिडने हातपायांना मुंग्या येऊ शकतात, त्यासाठी पायरिडॉक्सिनची छोटी गोळी सोबत देतात. खरं लक्ष यकृतावर ठेवायचं: भूक मरणं, सारखी मळमळ-उलटी, पोटात उजवीकडे दुखणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं. यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. हे क्वचित होतं, पण दारू पिणाऱ्यांत जास्त होतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, ती विचारायला हवी होती: सासऱ्यांच्या रिपोर्टवर रिफाम्पिसिनबद्दल काय लिहिलं आहे? जंतू औषधाला दाद न देणारे असतील तर वरच्या गोळ्या घरच्यांना चालत नाहीत. लेव्होफ्लॉक्सासिन वगैरे वेगळा विचार करावा लागतो. तो कागद फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि नणंदेला, दिराला पाठवा. त्यांच्या डॉक्टरांना तोच लागणार आहे.

आता शेतातली खोली. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. सासऱ्यांना तिथे नेऊ नका. 1956 मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवून आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरातच ठेवून उपचार दिले, आणि दोन्हीकडच्या घरच्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. घरी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्तीचा धोका झाला नाही. जी काही लागण होते ती मुख्यतः निदान व्हायच्या आधी होऊन गेलेली असते, आणि चांगली औषधं सुरू झाल्यावर संसर्ग झपाट्याने कमी होतो. या कामामुळे जगभर सॅनेटोरियम बंद होऊन घरी उपचार सुरू झाले. हे आपल्या देशातलं काम आहे, याचा मला अभिमान वाटतो. आज भाऊबंद जे सुचवत आहेत ते त्याच्या उलट आहे. शेतात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या गोळ्या चुकतात, जेवण चुकतं, आणि मग खरंच सगळ्यांना धोका होतो.

सुरुवातीचे काही आठवडे त्यांनी वेगळं झोपावं, ओसरीवर चालेल. थंडी आहे, गोधड्या द्या. खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क. ज्या खोलीत बसतात तिची खिडकी उघडी. बेडका झाकणाच्या डब्यात. नातवंडांना जवळ घेणं, मुके घेणं थोडे दिवस थांबवा, पण बाहेर अंगणात उन्हात बसून गोष्टी सांगायला हरकत नाही. ताट-तांब्या वेगळा करण्याची गरज मुळीच नाही. टीबी भांड्यांतून पसरत नाही. धुवून घेतलेलं ताट सगळ्यांचं एकच असू द्या.

जेवणाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण डॉक्टर बहुधा हे एका वाक्यात उरकतात. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासात 2,800 रुग्णांच्या घरातली दहा हजारांवर माणसं होती. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला, काही घरांत सगळ्यांना: मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना मिळालं तिथे नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. संसर्ग पसरवणारा, तपासणीत सिद्ध झालेला फुफ्फुसाचा टीबी 48 टक्क्यांनी. डाळ-तांदळाने हे साधलं. आपल्याकडे तर कळण्याची भाकरी आहे, ज्वारीत उडीद असल्याने ती एकटीच बरंच काही देते. शेंगदाणे आहेत, मूग-मटकी-चवळी आहे, जमेल तिथे अंडी-दूध. माझं लक्ष नेहमी घरातल्या सुनेच्या ताटाकडे जातं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या वरणात भाकरी बुडवून खाणारी बाई घरात सर्वांत बारीक असते, आणि आजाऱ्याचं सगळं तीच करते. ताई, तपासणीच्या दिवशी तुमचंही वजन करून घ्या आणि ते लिहून ठेवा. सासऱ्यांच्या खात्यावर निक्षय पोषण योजनेचे महिन्याला एक हजार रुपये येतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी पाचशे होते. बँकेचं पासबुक आणि आधार दिलं आहे ना, बघा. निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबीच्या रुग्णांना मदत करणाऱ्या दात्यांकडून, मिळणारी शिध्याची पिशवी आता घरच्यांसाठीही देता येते, त्याबद्दल तालुक्याच्या टीबी पर्यवेक्षकांना विचारा.

गावात बोभाटा होईल ही धास्ती मला तुमच्या लिहिण्यात दिसली, जरी तुम्ही ती मांडली नाही. ज्यांच्या घरी लग्नाची पोरगी असते ते तिचं नाव यादीतून गाळतात. ती तशीच राहते, लग्न होऊन जाते, आणि पहिल्या बाळंतपणात आजार वर येतो. असं होताना मी पाहिलं आहे. आशाताई दारात येणं नको असेल तर त्यांना तसं सांगा आणि तुम्हीच सगळे एका दिवशी आरोग्य केंद्रात जा. तपासणी झाली म्हणजे टीबी झाला असं नाही, आणि नाव बाहेर सांगायचा अधिकार कोणालाही नाही. सासऱ्यांचा उपचार खाजगी डॉक्टरकडे चालू असता तरी घरच्यांची ही सगळी तपासणी सरकारीत मोफतच झाली असती.

दिराने सुरतला तिथल्याच सरकारी दवाखान्यात जावं, रिपोर्टचा फोटो दाखवावा. त्याच्यासाठी आठवड्यातून एकदाची पद्धत सोयीची. साखर कारखान्याला तोडीवर जाणाऱ्यांनाही मी तीच सुचवतो, कारण फडात रोजची गोळी आठवत नाही, आठवड्याचा सुट्टीचा दिवस आठवतो. कुठे जायचं कळलं नाही तर 1800-11-6666 हा टीबीचा मोफत क्रमांक आहे.

गोळ्या पूर्ण झाल्यावरही दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, सगळ्यांना एकदा लक्षणं विचारून घ्यायची आहेत. ज्यांची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून गोळ्या दिल्या नाहीत, त्यांनाही. संसर्ग झाल्यावर चाचणीत उमटायला काही आठवडे जातात, त्यामुळे आज केलेली चाचणी शेवटची समजू नका. तारखा आशाताईंच्या वहीत असतील, तुम्ही घरच्या कॅलेंडरवरही खूण करा. मधेच कोणाला खोकला लागला, ताप रेंगाळला किंवा पोराचं वजन अडलं, तर त्या तारखेची वाट न बघता जाऊन बेडका द्या, आणि घरात टीबीचा रुग्ण होता हे पहिल्याच वाक्यात सांगा.